मर्जानची माजी

फार वर्षांपूर्वी, समुद्राला पाठ टेकून बसलेल्या खारशेत गावात धाकूबाय नावाची कोळीण राहायची आणि पोशा नावाचा पाटील राहायचा. धाकूबायचा एकुलता लेक समुद्रानं नेलेला. पाटलाकडे सगळं होतं, पण गोडं पाणी त्याच्याकडेही नव्हतं. त्या साली गावची विहीर खारी झाली. बाया दोन डोंगर ओलांडून हंडे आणायच्या. शेवटी ठरलं, पुनवेला होड्या लोटायच्या आणि गाव सोडायचं. धाकूबाय म्हणाली, मी यायची नाही. लेक परत आला, तर त्यानं मला शोधायचं कुठं?

त्याच दिवसांत एक गलबत खडकावर फुटलं. त्यात पार आफ्रिकेतून विकायला आणलेली हबशी माणसं होती. एकच जण वाळूला लागला. पायात तुटकी बेडी, ओठ फुटलेले. त्याचं नाव मर्जान. तो एकच शब्द बोलायचा, "माजी, माजी."

आता खारशेतात 'माझी'ला माजीच म्हणतात. धाकूबायला वाटलं, लेकरू 'माजी आय' म्हणतंय. तिनं घरातलं गोड्या पाण्याचं शेवटचं गाडगं त्याच्या तोंडाला लावलं.

असं म्हणतात, मर्जान दुसऱ्याच दिवशी उठला आणि जमिनीला कान लावत हिंडू लागला. चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा आणि थुंकायचा. सात ठिकाणी थुंकला, आठव्या ठिकाणी गिळली. ती जागा नेमकी पाटलाच्या माळावर. तिथं हात आपटून म्हणाला, "माजी."

पाटील हसला. "काल वाळूवर आला आनि आज जमीन याची! खन म्हनावं, बाबा. पुनवेपर्यंत तुजीच."

मर्जान खणू लागला. खणताना आपल्या मुलखाचं गाणं म्हणायचा. असं म्हणतात, ते गाणं ऐकून काळा कातळ लोण्यासारखा मऊ पडायचा, आणि खेकडे रांग लावून मातीच्या गोळ्या वर आणून टाकायचे. लोक बघायला यायचे ते खेकड्यांना. मर्जानला भाकर घेऊन यायची ती एकटी धाकूबाय.

पुनव आली. होड्या भरल्या. तेवढ्यात खड्ड्यातून हाक आली, "माजी! माजी!"

पाटलाचं डोकं फिरलं. हा वर आला तर माळ बळकावील, उद्या गाव बळकावील, असं म्हणत त्यानं दोर वर ओढून घेतला. खाली मर्जानच्या गुडघ्याला पाणी लागलं, मग कमरेला. वर कुणालाच पत्ता नाही.

धाकूबाय काठी टेकत आली. तिनं पाटलाच्या हातातला दोर घेतला, त्याला आपला हंडा बांधला आणि खाली सोडला. पोरगं भुकेलं असेल, म्हणाली, हंड्यात भाकर आहे.

हंडा वर आला. भाकर नव्हती. काठोकाठ पाणी होतं. धाकूबायनं ओंजळभर प्यायलं आणि हंडा पाटलापुढं धरला. पाटील प्यायला. पुन्हा प्यायला. मग खाली बघून म्हणाला, "धाकूबाय, हा पानी म्हनत होता गं."

"मला तरी कुठं कललं होतं?" म्हातारी म्हणाली. "पन मी दिलं पानीच."

दोर सोडायला माणसं धावली, पण असं म्हणतात, त्या आधी पाण्यानंच मर्जानला अलगद उचलून काठाशी आणलं. हात द्यायला पाटील स्वतः वाकला. त्याच दिवशी लोहारानं बेडी काढली, आणि तिची कडी विहिरीवर दोरासाठी ठोकली. होड्या रिकाम्या झाल्या. चुली पुन्हा पेटल्या.

अजून खारशेतात पुनवेचा पहिला हंडा त्या कडीवरून ओढतात आणि वाटेवर ठेवतात, येणाऱ्या परक्यासाठी. ओढणारी बाय 'माजी' म्हणते. तिथं माजी म्हणजे सगळ्यांची.

आणि धाकूबाय? मर्जान तिच्याच घरी राहिला. दर्याकाठच्या हबशी वस्तीतली सून आली, एकामागून एक सात नातवंडं झाली. तहान लागली की सातही जणं ओरडायची, माजी, माजी! आणि म्हातारी हातातलं काम टाकून दर वेळी 'ओ' द्यायची.