मयूर, गरुड आणि हौसाचं टेबल

“एकाच टेबलावर? माझ्या मयूराशेजारी गरुड?”

महाराज चक्रभान सिंहासनावरून ताडकन उठले. समोर हौसा उभी होती. तिला दुकानातून इतक्या घाईनं उचलून आणलं होतं की स्क्रूड्रायव्हर अजून हातातच होता. तिच्या टेबलावरचे दोन्ही गेमही शिपायांनी उचलले होते आणि आता ते पुरावा म्हणून चांदीच्या ताटात ठेवले होते.

बटणपुरात याहून मोठा गुन्हा नव्हता. हातात मावणारे गेमचे डबे राज्यात दोनच, हिरव्या बटणांचा मयूर आणि काळ्या बटणांचा गरुड, आणि या दोघांपायी प्रजेत उभी फूट. महाराज मयूरवाले. राणीसाहेबांचे भाऊ, सेनापती रणधीरराव, कट्टर गरुडवाले. भाजीवाली आधी “कोणता खेळता?” असं विचारायची आणि मगच कोथिंबीर द्यायची. छत्तीस गुण जुळलेली लग्नं बटणांच्या रंगावरून मोडायची. एका न्हाव्यानं तर गिऱ्हाइकाची दाढी अर्ध्यावर सोडली, का तर खिशातून काळं बटण डोकावलं! फक्त हौसा दोन्ही डबे दुरुस्त करायची. तिच्याकडे मयूरवाले पुढच्या दारानं यायचे आणि गरुडवाले मागच्या.

“ही गरुडवाल्यांची हेर आहे!” महाराज गरजले.

“छे, छे! मयूरवाल्यांची!” सेनापती म्हणाले. “दुकानाला कुलूप ठोका!”

“ठोका!”

आठ वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि तेही नेमकं हौसाच्या दुकानावर. दुरुस्तीशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

“एक संधी देतो,” महाराज म्हणाले. “दोन्ही डबे तू आतून-बाहेरून पाहिलेत. सांग, श्रेष्ठ कोणता? गरुड म्हणालीस तर मी कुलूप लावणार.”

“मयूर म्हणालीस तर मी!” सेनापती म्हणाले.

“दोन्ही सारखेच म्हणालीस तर दोघं मिळून लावू!” महाराज म्हणाले. “गप्पही बसायचं नाही. उत्तर असं हवं की आम्ही दोघांनी मान डोलावली पाहिजे. आणि काही चलाखी केलीस तर जीव घेईन!”

“एकच आहे, महाराज,” हौसा म्हणाली. “गेममधल्यासारखे तीन नाहीत. जरा बेतानं घ्या!”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

“पण मी पडले दुरुस्तीवाली,” ती पुढे म्हणाली. “डबा चालताना बघितल्याशिवाय मी त्याच्याबद्दल बोलत नाही. महाराजांनी मयूर खेळून दाखवावा.”

महाराजांना एवढंच हवं होतं! सहा महिने ते ‘सोनगड’ खेळत होते आणि सातव्या दरवाजाचा राक्षस काही मरत नव्हता. त्यांनी ताटातला मयूर उचलला आणि खिशातली आपली कॅसेट त्यात घातली. हौसाचं लक्ष मात्र बॅटरीकडे होतं. शिपायांनी मयूर चार्जरवरून ओढून काढला होता. दहा मिनिटं चालला तरी खूप. ताटातला गरुड मात्र काठोकाठ चार्ज झालेला होता.

खेळ सुरू झाला. सेनापतींनी आधी छताकडे पाहिलं, मग एका डोळ्यानं स्क्रीनकडे, आणि पाचव्या दरवाजाला तर ते सिंहासनाच्या मागे येऊन वाकले.

“दाजी, डावीकडे! डावीकडून येतोय!”

“दिसतंय हो मला!”

“उडी मारा! उडी!”

महाराजांनी सिंहासनावरच उडी मारली. सहावा दरवाजा उघडला! सातव्यात राक्षस लटपटत होता. आता एकच घाव, आणि स्क्रीन काळी!

“अरे! अरे, काय झालं हे?”

“बॅटरी संपली, महाराज.”

“चार्ज कर!”

“चार तास लागतील.”

“चार तास? हात गार पडेल माझा!” महाराजांचा आवाज रडवेला झाला.

हौसानं शांतपणे मयूराची कॅसेट काढली. “इथवरचा सगळा खेळ हिच्यात जपलेला असतो. आणि ही कॅसेट...” तिनं ती गरुडात सरकवली. खट्! “इथेही बसते.”

दरबारानं श्वास रोखला. इतक्या वर्षांत कोणी घालूनच पाहिली नव्हती! मयूराची कॅसेट गरुडात घालण्याचं पाप करणार कोण? स्क्रीन उजळली आणि राक्षस दात विचकून हसला.

“गरुड? आणि मी?” महाराज ओरडले. “मेलो तरी हात लावणार...” राक्षसानं गदा उचलली. “आण इकडे लवकर!”

“दाजी, वाका! आता हाणा!”

धडाड्! राक्षस आडवा झाला आणि सातवा दरवाजा उघडला! मयूरवाल्यांनी आनंदाच्या भरात गरुडवाल्यांना मिठ्या मारल्या. चूक लक्षात आल्यावर सोडल्या, पण तोवर मारून झाल्या होत्या.

“महाराज,” हौसानं हळूच विचारलं, “श्रेष्ठ डबा कोणता?”

“डोकं खाऊ नकोस गं!” महाराजांनी स्क्रीनवरून नजरही हलवली नाही. “जो चालू आहे तो!”

“अगदी बरोबर, दाजी!” सेनापतींनी जोरजोरात मान डोलावली. “पुढची लेव्हल लावा!”

महाराजांनीही मान डोलावली.

“तेच माझं उत्तर,” हौसा म्हणाली. “दोन्ही माना डोलल्या. आता माझं दुकान द्या!”

महाराजांचा अंगठा थांबला. त्यांनी खाली पाहिलं. अंगठ्याखाली काळं बटण! त्यांनी मेहुण्यांकडे पाहिलं, मेहुण्यांनी त्यांच्याकडे, आणि महाराज असे खदखदून हसले की मुकुट घरंगळत सेनापतींच्या पायाशी गेला.

“जो चालू तो श्रेष्ठ! मग काय हो सेनापती, या पोरीइतकं चालू आपल्या राज्यात आहे का कोणी?”

“नाही, दाजी! शोधूनही सापडायचं नाही!”

हौसाला सोन्याचा स्क्रूड्रायव्हर मिळाला आणि राजवाड्याच्या महाद्वारातच नवं दुकान मिळालं. त्यावरची पाटी महाराजांनी स्वतः रंगवली:

‘दुकान चालू. मालकीण त्याहून चालू!’