चिमीचा दाणा आणि मामींची तिसरी शिट्टी

एक होती मुंगी. तिचं नाव चिमी.
चिमीला सापडला शेंगदाणा. घरी धाकटी बहीण उपाशी होती. चिमी निघाली तुरुतुरु, तुरुतुरु.
दाणा घरंगळला. टुणुक टुणुक टुणुक! गेला थेट ढवळी गाईच्या पोटाखाली.

"ढवळीबाई, ढवळीबाई, उठा. दाणा मिळेना, धाकटी उपाशी!"
ढवळी म्हणाली, "बादली वाजते, मग खायला आंबोण येतं, म्हणून मी उठते. बादली नाही, उठणं नाही."
"नुसतंच उठा ना!"
"नुसतं? ते कसं असतं बाई?"

चिमी गेली तुरुतुरु.
"बादलीताई, बादलीताई, वाजा. ढवळी उठेना, दाणा मिळेना, धाकटी उपाशी!"
बादली म्हणाली, "धोंडूमामा उचलतात, तेव्हा मी वाजते."

चिमी गेली तुरुतुरु.
"मामा, मामा, बादली उचला. बादली वाजेना, ढवळी उठेना, दाणा मिळेना, धाकटी उपाशी!"
मामा आडवे पडले होते. "अगं, चहा पोटात गेला की माझे हात चालतात. चहा नाही तर हात नाहीत."
हात तर दोन्ही होते. चांगले जाडजूड होते!

चिमी गेली स्वयंपाकघरात.
"मामी, मामी, चहा टाका. मामा हलेनात, बादली वाजेना, ढवळी उठेना, दाणा मिळेना, धाकटी उपाशी!"
मालूमामी म्हणाल्या, "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, की चहा टाकते."

चिमी चढली ओट्यावर.
"कुकरदादा, कुकरदादा, शिट्ट्या द्या. चहा होईना, मामा हलेनात, बादली वाजेना, ढवळी उठेना, दाणा मिळेना, धाकटी उपाशी!"
कुकर फुसफुसला, "सात दिल्या की! मामी मोजतात कुठे?"

शीऽऽऽ!
"एक!" मामी म्हणाल्या.
टिंग! फोन वाजला. मामींनी फोन घेतला. हसल्या. फोन ठेवला.
शीऽऽऽ!
"ही कितवी? एकच असेल."
चिमी म्हणाली, "मामी, फोन बघा, नाहीतर शिट्ट्या मोजा."
"मला दोन्ही जमतं हो!"
शीऽऽऽ!
"एक!"

आता मात्र चिमीला राग आला. ती बसली फोनवर.
टिंग! मामींचा हात आला. चिमी चावली. कच्च!
"आई गं!"
शीऽऽऽ! "दोन!"
टिंग! हात आला. कच्च!
"आई गं!"
टिंग! हात... आला नाही. हात गेला पदराखाली.
शीऽऽऽ! "तीन!"
मामींना आनंद झाला. आज पहिल्यांदाच तीन झाल्या होत्या.

मग चहा झाला. सुर्रर्र! मामांना हात फुटले. खणखण! बादली वाजली. ढवळी उठली. दाणा मिळाला!
ढवळी म्हणाली, "चिमे, आता बसू केव्हा?"
"तुमचं तुम्ही ठरवा, बाई!"
"अगं, पण काय वाजलं की ठरवायचं?"

चिमी थांबलीच नाही. तुरुतुरु घरी गेली.
धाकटीने दाणा खाल्ला. कुर्रम कुर्रम!
दाणा धाकटीच्या पोटात, गोष्ट तुमच्या कानात.