अर्धे चुलाण

पूर्वी हेमावती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी समुद्रकाठच्या एका मीठकऱ्यांच्या गावात जन्म घेतला होता, आणि वयाने पिकल्यावर ते त्या गावचे ग्रामणी, म्हणजे मुखिया, झाले होते. पण ही कथा नीट कळायची तर आपल्याला देवरात नावाच्या राजपुरुषाच्या मागोमाग जावे लागेल, कारण सगळा गोंधळ त्याच्याच डोक्यात झाला.

हेमावतीत काच आणि कासे ओतणाऱ्या सहाशे भट्ट्या होत्या. तीन पिढ्या त्या अखंड पेटत राहिल्या. रानेच्या राने त्यांच्या पोटात गेली, धुराने आभाळ तापले, दूरच्या पर्वतांवरचे हिम वितळले आणि समुद्र फुगू लागला. नदीतून चढलेले खारे पाणी राजाच्या गजशाळेत शिरले तेव्हा कुठे दरबाराला जाग आली. राजाने आज्ञा काढली की प्रत्येक वस्तीने आपले निम्मे अग्नी विझवावेत, लहानमोठा भेद चालणार नाही.

हे काम देवरातकडे आले. तो प्रामाणिक होता, आणि आपण कोणाला झुकते माप देत नाही याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. नगरातल्या कारागीर-प्रमुखांनी शंभर सबबी सांगितल्या. त्याने एकही ऐकली नाही. तीनशे भट्ट्या विझल्या. बहुतेक जुन्या आणि मोडकळीला आलेल्या होत्या ही गोष्ट वेगळी, पण निम्मे ते निम्मे. देवरात खूश झाला.

मग तो मीठकऱ्यांच्या गावी आला आणि तिथे त्याचे घोडे अडले. वीस घरांत मिळून चुलाण, म्हणजे मीठ आटवण्याची मोठी चूल, एकच होते. त्यावर मातीची एक भली मोठी काहील होती, तिच्यात समुद्राचे पाणी आटत असे, आणि घराघराने पाळी लावून विस्तव राखलेला असे. त्या मिठाच्या बदल्यातच गावात धान्य येई. देवरात चुलाणाभोवती दोनदा फिरला. एकाचे निम्मे कसे करायचे ते त्याला समजेना.

"एक दिवस पेटवा, एक दिवस विझवा," शेवटी तो म्हणाला.

"आर्य, काहील निवली की तडकते," बोधिसत्त्व म्हणाले. "म्हणून तर आम्ही पाळीने बसतो."

"कारणे नगरातही सगळ्यांकडे होती, ग्रामणी."

विस्तव विझवला गेला. एक दिवस सोडून तो पुन्हा पेटवला, आणि दुपारपर्यंत काहील या काठापासून त्या काठापर्यंत चिरली. पाणी निखाऱ्यांवर सांडले. नवी काहील घडवून सुकवायला चार महिने लागणार होते. त्या दिवशी पाळी भद्रा नावाच्या म्हातारीची होती. ती देवरातकडे वळून म्हणाली, "झालं निम्मं? आता आमच्या पोटांचं निम्मं करायला कधी येताय?"

आज्ञा तर देवरातने तंतोतंत पाळली होती, मग चुकले कुठे? बोधिसत्त्व आपल्यावर ओरडतील असे त्याला वाटले; ओरडले असते तर बरेही वाटले असते. त्यांनी उरल्यासुरल्या मिठातले चिमूटभर घालून त्याच्यापुढे पेज ठेवली आणि नगर लांब आहे, जेवून निघा, एवढेच सांगितले.

"पण तुम्हीही लाकूड जाळताच ना?" त्याने कसाबसा बचाव केला.

"जाळतो. पूर्वी आमचे मीठ सूर्यच पिकवीत असे." बोधिसत्त्वांनी त्याला किनाऱ्यावर नेले. ओहोटीच्या पाण्याखाली जुन्या बांधांच्या रांगा दिसत होत्या. "ती आमची मिठागरे. समुद्र चढला आणि ती बुडाली, तेव्हा आम्ही चुलाण घातले. वरच्या माळावर नवी बांधता येतील. वाऱ्यावर फिरणारा रहाट लावला तर पाणी वर चढेल, काडीही जाळावी लागणार नाही. पण त्याला सुतार, गवंडी हवेत, आणि ते उभे राहीपर्यंत वीस घरांना धान्य."

देवरातला फार लाज वाटली. "ग्रामणी, माझ्याबरोबर नगरात चला," तो मनापासून म्हणाला. "राजाकडून तुम्हाला घर देववतो, जमीन देववतो."

"मी गेल्याने समुद्र मागे सरेल का? मला घर नको. भट्ट्या विझून रिकामे झालेले नगरातले सुतार-गवंडी दोन वर्षे इकडे धाडा."

"इतरांना दिले नाही ते तुम्हालाच कसे द्यायचे? ते समान होणार नाही."

"नगराच्या भट्ट्यांत गेलेली राने आम्ही जाळली असती, आर्य, तर मी मागितले नसते."

परतीच्या वाटेवर देवरातला काही सुधरेना. सकाळी त्याला ते मागणे भीक वाटे, दुपारी हक्क वाटे, आणि संध्याकाळी आपण कशाचा विचार करीत होतो हेच तो विसरून जाई. अशाच अवस्थेत तो राजापुढे उभा राहिला.

"सगळ्यांना सारखीच आज्ञा लागू केलीस ना?" राजाने विचारले.

"केली, महाराज. इथे तीनशे भट्ट्या विझल्या आणि कोणाची जेवणाची वेळही चुकली नाही. तिथे एक चुलाण विझले आणि वीस घरे उपाशी बसली. दोन्हीकडे आज्ञा एकच होती. आता उन्हावर मीठ पिकवायला ग्रामणी दोन वर्षांसाठी कारागीर आणि धान्य मागतात. मला यातले काही कळत नाही, महाराज, आपणच सांगा."

तेव्हा राजाने चालू असलेल्या भट्ट्यांपैकी आणखी शंभर विझवल्या आणि त्यांवरचे सुतार-गवंडी धान्याच्या गाड्यांसह समुद्राकडे धाडले. नगरात पुष्कळ कुरकुर झाली. तिसऱ्या वर्षी माळावर उन्हाने मीठ धरले.

ही कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, समोर बसलेल्या सुमंगल भिक्खूकडे पाहिले. विहारात पाणी आणण्याची व्यवस्था त्याच्याकडे होती, आणि त्याने आजाऱ्यांनाही धडधाकटांइतकेच घडे लावून दिले होते.

"तेव्हाचा देवरात तू होतास," शास्त्यांनी सांगितले. "राजा म्हणजे आपले विहारपाल, भद्रा म्हणजे काल घड्यासह पायरीवर पडलेले ते वृद्ध भिक्खू, आणि ग्रामणी मी. ज्याच्या खांद्यावर आधीच दुसऱ्याचे ओझे आहे त्याला ओळखणे, हीच प्रज्ञापारमिता, शहाणपणाची परिसीमा."

सुमंगलचा गोंधळ काही मिटला नाही. "भन्ते, मग कोणाला किती घडे लावू?"

"आज त्या वृद्ध भिक्खूंचे घडे तू आण," शास्ते म्हणाले. "संख्येचे उद्या पाहू."