घाण्यातली चिंच

खाडीच्या अंगाने खारशेत गावात शिरलं की डांबरी रस्ता बराच वेळ सरळ चालतो आणि मग काही कारण दिसत नसताना डावीकडे मोठा वळसा घेतो. नव्या माणसाला वाटतं, ठेकेदार जेवून सुस्तावला असेल. तसं नाही. वळशाच्या पोटात एक चिंच आहे. जवळ जाऊन पाहा, ती जमिनीतून वर आलेली नाही. तेलाच्या दगडी घाण्याचं ते मोठं उखळ असतं ना, त्यातून ती वर आली आहे. दगड जागोजागी तडकलाय, तडांतून मुळं बाहेर पडून पलीकडच्या बैठ्या, कौलारू प्रार्थनाघराच्या जोत्याखाली गेली आहेत.

दगडाच्या एका अंगाला खोलगट, गुळगुळीत जागा दिसेल. ती माणसांच्या तळहातांनी झाली आहे. देवळात लोक हात जोडतात, दर्ग्यात ओंजळ पसरतात, इथे मात्र हात उगारतात. ही नवसाची जागा नव्हे, देवाशी भांडायची जागा आहे. पण भांडणालाही रीत आहे. देवाने दिलेल्या शब्दावरच त्याला अडवायचं, भलत्यासलत्यावर नाही. नारळाचा भाव पडला म्हणून एक व्यापारी थेट रोह्याहून इथे तणतणत आला होता. गावच्या म्हाताऱ्यांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, शेठ, नारळाच्या भावाचा शब्द देवाने कुणाला दिला होता? बिचारा आल्या पावली परत गेला.

आणि शनिवारी इथे कुणीच भांडत नाही. का, त्याची गोष्ट अशी सांगतात.

या किनाऱ्यावर तेव्हा बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, घाणे होते. गाव त्यांना शनवार तेली म्हणे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद, चूलही बंद. त्यांच्या पूर्वजांचं गलबत म्हणे इथल्याच खडकांवर फुटलं. पोथ्या समुद्राने नेल्या. हाती उरलं ते एवढंच: देव एक आहे असं सांगणारी एक प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशीची सुंता आणि शनिवार. पण आपल्या मूळपुरुषाशी, अब्राहामाशी, देवाने करार केलाय, तुझा वंश मी टाकणार नाही आणि तुझ्यामुळे जगातल्या साऱ्या कुळांचं भलं होईल असा शब्द दिलाय, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी जपलं होतं.

सिपोराबाई त्यांच्यातलीच. नवरा एलोजी गेला तसा घाणा तिने हाती घेतला. बाई कामाला वाघीण आणि जिभेला मिरची. तिच्या बैलाचं नाव पवळ्या. शुक्रवारी सांजेला पाण्यावर तेल घालून तिने काचेचा दिवा लावला की पवळ्याही ओळखायचा, उद्या मानेवर जू नाही.

तिच्याकडे दिव्याच्या तेलासाठी नारोबा नावाचे ख्रिस्ती उपदेशक येत. तेल गळेस्तोवर ओट्यावर बसून मराठीत छापलेलं पवित्र शास्त्र वाचत. समुद्राने नेलेल्या अब्राहामाच्या, मोशेच्या, दावीद राजाच्या गोष्टी तिने त्या ओट्यावर पहिल्यांदा नीट ऐकल्या. दुसरी कुणी रडली असती. ही भडकली. इतकी वर्षं हे तुम्ही कुठे दडवून ठेवलं होतंत, म्हणून तिने नारोबांना फैलावर घेतलं. पुढे नारोबांनी येशूची हकीकत वाचली. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, शनिवारी तो सभास्थानात जाई, वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या, सणाला पंगतीत बसे, आईचं नाव मिर्याम. सिपोराबाईची चुलत आत्याही मिर्यामच होती. ती म्हणाली, "हा तर आमच्यातलाच की. तुम्ही याला परक्या मुलखातून आणल्यासारखं का सांगता?"

ऐकता ऐकता तिचा विश्वास बसला, की ज्याची वाट आपले लोक पाहतात तो मशीहा हाच. तिच्या लेखी हा काही नवा धर्म नव्हता. जुना शब्द खरा व्हायला लागला होता, इतकंच. त्यामुळे शनिवार सोडायचा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही.

तिच्या माणसांना ते रुचलं नाही, आणि त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. तिचा थोरला दीर हसाजी हा समाजाचा काजी. लग्नकार्यं, प्रार्थना, सगळं त्याच्या हातून होई. मशीहाच्या आधी एलियाहू संदेष्टा येईल, साऱ्या जगाला कळेल, हे असं एका ओट्यावर गुपचूप होणार नाही, असं त्याने तिला बजावलं. आज तू गेलीस, उद्या तुझ्यामागे पोरं जातील आणि परवा त्यांना आपण कोण हेच आठवणार नाही, असं म्हणून तो उठला. तेव्हापासून त्याने तिच्या घरचं पाणी सोडलं. तिनेही मागून चार शब्द सुनावले. दोघंही मानी.

राहिली ती नारोबांची मंडळी. त्यांना प्रार्थनेला जागा नव्हती, म्हणून सिपोराबाईने आपलं अंगण दिलं. अट एकच. घाणा आहे तिथेच राहील आणि शनिवारी तो कुणी फिरवणार नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. नारोबांनी दगडावर हात ठेवून शब्द दिला आणि मरेपर्यंत पाळला. घाण्याला लागूनच मंडळीचं प्रार्थनाघर उभं राहिलं.

त्यांच्या जागी आले याकोबराव. काळा कोट, वाचन दांडगं, माणूस लबाड नव्हता. पण नव्या झाडूसारखा, दिसेल ते झाडून टाकणारा. पहिल्याच उपासनेत त्यांनी सांगितलं, की येशू आला आणि जुना करार संपला. इस्राएलाला देवाने टाकलं. त्यांची वचनं आता आपली. शनिवार पाळणं म्हणजे तुटलेली बेडी हौसेने पायात घालणं. आणि सगळ्यांदेखत सिपोराबाईला फर्मावलं, की येत्या शनिवारी मंडळीसमोर घाणा फिरव, त्या तेलाने इथला दिवा लागू दे. नाहीतर हे दार तुला बंद, आणि हा दगड उपटून खाडीत.

एका घराने आधीच तिचं पाणी टाकलं होतं. दुसरं आता दार लावत होतं, आणि तेही तिच्याच अंगणातलं. तिने नारोबांच्या शब्दाची आठवण दिली. याकोबराव म्हणाले, "तो त्यांचा शब्द होता, सिपोराबाई. ते गेले. आता नवी व्यवस्था आहे."

पेढीवर नवा मालक बसला म्हणून जुन्याचा शब्द उडवला, तर दुसऱ्या दिवशी त्या पेढीची पायरी कोण चढेल? बाजारातल्या कुणालाही कळेल असं हे. सिपोराबाईला तर ते अंगभर कळलं. ती उठली.

"याकोबराव, तुमचं नाव आमचं. या शिमोनाचं आमचं, त्या मार्थेचं आमचं. स्तोत्रं गाता ती आमच्या दावीदाची. ज्याच्या नावाने डोळे मिटता तो आमच्या मिर्यामचा मुलगा. सगळं घर घेतलंत, आणि आता घरच्या बाईला विचारता, तू कोण?"

ती दाराशी थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "अब्राहामाला दिलेला शब्द देवाने मोडला म्हणता. मग तुम्हाला दिलेला तो पाळेल, हे कशावरून?"

प्रश्नात अडकला की शिकलेल्या माणसाचा हट्ट वाढतो. शनिवारी ते माणसं घेऊन अंगणात आले. उखळात तीळ ओतले. पवळ्याला उठवायला गेले, तर पवळ्या रवंथ करत बसून राहिला. शेपूट पिरगाळली, काठी मारली, तरी जागचा हलेना. कुंपणाबाहेरून कुणीतरी म्हणालं, बैलाचा बाप्तिस्मा राहिलाय वाटतं. लोक हसले, आणि त्याने याकोबराव आणखीच पेटले. त्यांनी शेजारच्या आळीतून दुसरा बैल आणवला. त्याला बिचाऱ्याला सगळे वार सारखे. झापड बांधली, जू चढलं, आणि उखळातला तो चिंचेच्या लाकडाचा जाड दांडा, त्याला लाट म्हणतात, करकरत फिरू लागला.

खारशेतात शनिवारी घाण्याचा आवाज तोवर कुणी ऐकला नव्हता. बेने इस्राएलांच्या घरांतून माणसं बाहेर आली. सिपोराबाई घाण्यापाशी गेली. याकोबरावांकडे तिने बघितलंही नाही. उघड्या तळहाताने तिने दगडावर थाड्‌कन चापट मारली आणि वर पाहून म्हणाली, "तुझ्याशी बोलतेय मी. शनिवार तू दिलास, मी मागितला नव्हता. शब्द तू दिलास, मी मागितला नव्हता. पोथ्या बुडाल्या तरी आम्ही आमची बाजू सोडली नाही. आता तुझी बाजू दाखव. शब्द मोडला असशील तर तसं सांग आणि मला मोकळी कर. मोडला नसशील तर हे असं बघत काय बसलायस?"

आणि पुन्हा चापट, आणि पुन्हा. दगड खडबडीत, तळहात फाटला. वल्हांडणाला त्यांच्या दारावर कोकराच्या रक्ताचा पंजा उमटवत, तसा तिच्या हाताचा पंजा दगडावर उमटला, असं सांगतात. घाणा मात्र फिरतच होता.

तेवढ्यात गर्दीतून हसाजी पुढे आला. लोकांना वाटलं, आता हा मीठ चोळणार. तिलाही तेच वाटलं. "या भावोजी, तुमचंही बोलून घ्या," ती म्हणाली.

हसाजी पवळ्याशेजारी मातीत मांडी घालून बसला. "तुझं-माझं भांडण मिटलेलं नाही, सिपोरा. मशीहा आला म्हणतेस, मी म्हणतो यायचाय. ते उद्या भांडू. आज शनिवार आहे. बस इथे."

ती उभीच राहिली. मग पदराचं टोक हाताभोवती गुंडाळून ती दिराशेजारी बसली. त्यांच्यामागे एकेक करून बाकीचे बेने इस्राएल येऊन बसले. मग मान खाली घालून याकोबरावांच्या मंडळीतली मार्था आली, तीही बसली. आणि ती सगळी बसली तेव्हा, म्हणे, फिरती लाट जड झाली, कण्हली आणि थांबली. बैलाने जोर केला तसा दोर तुटला. माणसांनी खांदे लावले, काठ्या घातल्या. लाट जागची हलेना की बाहेर निघेना. तेलाचा थेंब गळला नाही. सिपोराबाईने तिकडे वळूनही पाहिलं नाही. आकाशात तारे दिसून शनिवार सरेपर्यंत ती तिथेच बसून होती.

रविवारी याकोबरावांनी दगड उपटायला बेलदार लावला. त्याने पहार घातली, माती काढली आणि हात मागे घेतला. लाटेच्या त्या कित्येक वर्षांच्या मेल्या लाकडाला मुळं फुटली होती. दगडाचा तळ फोडून ती पांढरी, ओली मुळं सरळ प्रार्थनाघराच्या जोत्याखाली शिरली होती आणि भुसभुशीत मातीत भिंतीला धरून बसली होती. बेलदार म्हणाला, साहेब, हे तोडलं तर भिंत बसेल.

सिपोराबाई हाताला फडकं बांधून उभी होती. "तोडा ना," ती म्हणाली. "कुणाच्या आधाराने कोण उभं आहे, ते तरी कळेल."

याकोबरावांनी स्वतः खाली वाकून माती परत लोटली. काही जण सांगतात, ते त्याच आठवड्यात खाडीतून पडावात बसून गाव सोडून गेले. काही सांगतात, पुढच्या शनिवारी ते कोट न घालता आले आणि पवळ्याच्या बाजूला येऊन बसले. दुसरंच खरं असावं, कारण त्यांची कबर इथेच आहे, खाडीच्या उतारावर.

आता सगळं गोड झालं असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. दर रविवारी सिपोराबाई आणि हसाजी मशीहावरून कडाकडा भांडत. दोघांतलं एकही तसूभर सरलं नाही. हसाजी पाणी मात्र तिच्या घरचं पिऊ लागला. आणि देवावरचा तिचा राग तर शेवटपर्यंत गेला नाही. लाटेला पालवी फुटली, तिची चिंच झाली, तरी शनिवार सोडून रोज ती सकाळी येई, दगडावर चापट मारी आणि म्हणे, "एवढ्यावर भागणार नाही. माझ्या लोकांना परत आणीन म्हणाला होतास. मशीहाचं राज्य येईल म्हणाला होतास. शब्द दिलायस. मी विसरलेले नाही." तिचं म्हणणं असे, की ज्याच्या शब्दावर भरवसा नाही, त्याच्याशी कुणी भांडत बसत नाही.

पुढे गावातले बेने इस्राएल आधी बोटीने, मग विमानाने इस्राएलला गेले. निघण्याआधी प्रत्येकाने म्हणे त्या खोलगट जागी थाप मारली. जाणारे म्हणत, बघ, परत आणलंस. मागे उरलेले म्हणत, आणि बाकीचं? रस्ता रुंद करायला आलेल्या साहेबाने चिंच तोडायचं ठरवलं, तेव्हा प्रार्थनाघराच्या मंडळींनीच त्याला जोत्याखालची मुळं दाखवली. त्याने मुकाट्याने नकाशात वळसा काढला.

आजही शुक्रवारी सांजेला कुणीतरी घाण्यावर पाण्यातला तेलाचा दिवा ठेवतं. शनिवारी खारशेतात घाणा फिरत नाही, आणि गावात कसलंही वैर असलं तरी ते उद्यावर टाकून माणसं चिंचेखाली येऊन बसतात. आणि आजही रविवारी प्रार्थनाघराचा घंटा वाजवणारा दोरी हातात धरून दारात थांबतो. बाहेर दगडावर पहिली चापट ऐकू आल्याशिवाय तो घंटा वाजवत नाही.