रिठ्याच्या वाटीत पैंजण

फार जुनी गोष्ट. भाचीच्या लग्नाला निघताना गोदाक्काने वर्षभर फडताळात ठेवलेले चांदीचे पैंजण काढले, तर ते पार काळे पडलेले.

"उजळलात तर नेईन, नाहीतर बसा घरीच," असं म्हणत तिने त्यांना रिठ्याच्या कोमट पाण्यात टाकलं आणि ती साडी नेसायला गेली.

वाटीत काळा, सुरकुतलेला रिठा पाहून उजव्या पैंजणाने नाक मुरडलं. "या म्हाताऱ्याच्या हातून अंघोळ? आम्ही चांदीचे आहोत."

"असं होय?" रिठा म्हणाला. "मला वाटलं, माझेच भाऊबंद आले. म्हणून तर सरकून जागा दिली."

उजव्याने स्वतःच्या काळ्या घुंगरांकडे पाहिलं. डावा हळूच म्हणाला, "आजोबा, घुंगरांच्या खालीही नीट चोळा हं."

गोदाक्का परतली तेव्हा वाटीबाहेर फेस सांडत होता.