पाहुण्याचे पान

त्या रानात घर हवे असणारे पुष्कळ होते आणि घर कोरता येणारे थोडे. घुबडे, पोपट, साळुंक्या, सगळ्यांना ढोली लागे. चोच मात्र सुतारपक्ष्यांचीच चाले. त्यामुळे सुतार ताठ मानेने राहत. एक ढोली कोरली की रानाचा मालक धनेश उंबराची एक फांदी त्यांच्या नावावर करी, म्हणजे तिचा हंगामभराचा सगळा बहर, आतल्या किड्यांसकट. मार्तंड त्यांच्यातला थोरला. त्याच्याशी बोलताना धनेशसुद्धा जपून बोलत असे.

एका उन्हाळ्यात नदीपलीकडचे रान जळाले. तिथले तांबटपक्षी, तेही ढोल्या कोरण्यात पटाईत, अंगावर राख घेऊन अलीकडे आले. धनेशाने सामोरे जाऊन त्यांचे पाय धुतले आणि जाहीर केले, की हे आपले पाहुणे आहेत. हा शब्द त्याने फार विचार करून निवडला होता. पाहुण्याला मजुरी देणे त्या रानात अपमानाचे समजत. त्याला पान वाढत. पानावर पडेल ते त्याने गोड मानायचे आणि यजमानाच्या कामाला हातभार लावायचा, अशी रीत होती. शिवाय एका घरचा पाहुणा दुसऱ्या घरी जेवत नसे. यजमान सोडला, की नदी ओलांडून पुन्हा राखेत. धनेशाला पाहुणे फारच आवडू लागले.

येसू नावाच्या एका तांबटाला इथल्या लाकडाची पारख शिकवण्याचे काम मार्तंडाकडे आले. येसूची चोच उत्तम होती. ते पाहून मार्तंडाला आधी आनंद झाला आणि मग भीती वाटली.

"तू फांदी का मागत नाहीस रे?" त्याने विचारले.

"पाहुण्यानं मागायचं नसतं, मार्तंडदादा," येसू म्हणाला. "तुम्ही घरचे. तुम्हीच आमच्यासाठी मागा की. आम्हालाही फांदीच द्यावी लागली, तर तुम्हाला बाजूला सारून मालकांना मिळणार काय?"

मार्तंडाला हे पटले होते. त्याने ते सुतारांच्या बैठकीत मांडलेही. पण सुतार भडकले. उपऱ्यांसाठी आपण का चोच झिजवायची, असे म्हणत ते धनेशाकडे गेले ते उलटीच मागणी घेऊन: पाहुण्यांनी पाहुण्यांसारखेच राहावे, त्यांना कधीही फांदी मिळू नये. थोरला म्हणून बोलायला मार्तंडच पुढे झाला. येसू खालच्या फांदीवरून ऐकत होता.

धनेशाने इतक्या चटकन मान डोलावली, की सुतारांना तो आपला विजय वाटला. त्यानंतर एकाही सुताराला कामाचे बोलावणे आले नाही.

धनेशाने कोणाला हाकलले मात्र नाही. "तुम्ही तर घरचेच. घरच्यांना काय बोलवायचं?" असे तो भेटेल त्याला हसून सांगे. सुतारांच्या फांद्या हंगामाबरोबर संपल्या. मार्तंडाच्या ढोलीतला पिल्लांचा कलकलाट आधी वाढला, मग बारीक होत गेला. तो ऐकवेना, तेव्हा मार्तंड नदीपार गेला, राखेत लोळला, डोक्यावरचा तांबडा तुरा नीट माखून घेतला आणि पाहुण्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला.

धनेश पाय धुवायला आला. पाणी उडाले, राख ओघळली आणि तुरा उघडा पडला. धनेशाने तो नीट पाहिला.

"कुठून आलात?"

"नदीपलीकडून."

"बसा. पान वाढलंय."

पानावर एक उंबर होते. मार्तंडाने ते चोचीत धरले, मग खाली ठेवले. पिल्लांसाठी आणखी एक मागावे म्हणून त्याने चोच उघडली. समोर धनेश वाट पाहत उभा होता, अगदी आदराने. शेजारच्या पानावर येसू खाली मान घालून जेवत होता. मार्तंडाने चोच मिटली.