सबनीस साहेबांची पाद्यपूजा

मुलगी सुखरूप बाळंत झाली तर चातुर्मासभर मठात रोज फुलं पोचवीन, असं मी देवीला बोलले होते. त्या नेमापायीच हे कानांवर पडलं.

“...स्वतःच्या हातानं मी कुणालाच मारलेलं नाही. मग पाप कुणाचं, स्वामीजी?”

विचारणारे सबनीस साहेब. सैन्यातले निवृत्त इंजिनिअर. युद्धात जमिनीखाली पुरायचा नव्या तऱ्हेचा सुरुंग त्यांनी तयार केला होता. त्याचं पदकही मिळालेलं.

स्वामी माझ्या परडीतल्या मुंग्या फुंकरीनं बाजूला करत होते.

“पाप झालंसं वाटतं?”

“छे! देशासाठी केलं. फक्त... घरी तुमची पाद्यपूजा करावी म्हणतो. उद्या या.”

“चातुर्मासात संन्याशानं हिंडू नये, साहेब. पावसात भुईवर जीव फार. पायाखाली येतात.”

“मग गाडी पाठवतो. पाय टेकायलाच नकोत!”

“आणि चाकं?”

साहेब मोठ्यानं हसले. “गांडुळांसाठी चार महिने कोंडून घेता, महाराज?”

“घेतो बुवा.” स्वामीही हसले. मग म्हणाले, “युद्ध संपलं, हे तुमच्या सुरुंगाला कसं कळतं?”

साहेबांचं हसू मावळलं.

“...कळत नाही.”

स्वामींनी परडी खाली ठेवली. बाहेर पागोळ्यांची टपटप.

“सीमेवरच्या एका गावात माझा सत्कार होता,” साहेब खाली बघत म्हणाले. “एका बाईनं काखेत कुबडी धरून मला ओवाळलं. लढाई संपल्यावर गवत कापायला गेली होती म्हणे. एक पाय गुडघ्यापासून नाही... सुरुंग आपल्याच बाजूचा होता. माझा. तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.”

“मग?”

“ओवाळून घेतलं, स्वामीजी. तबकात ओवाळणी टाकली... आणि हार घालून घ्यायला पुढं गेलो.”

मी पदर तोंडाशी धरला. एवढा मोठा माणूस, हुंदका आवरेना त्यांना. तसेच ते स्वामींच्या पायांवर वाकले.

स्वामींनी दोन्ही पाय भगव्या छाटीखाली ओढून घेतले.

“डोकं तरी ठेवू द्या हो!”

“इथं नको, बाबा.” स्वामींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “तिचा एक आहे ना अजून... तिथं ठेवा.”